सहृदयता आणि स्वमग्नता : प्रौढ स्वमग्नांच्या आत्मकथनांचा एक विचार

१

टेंपल ग्रँडिन यांचे 'इमर्जन्स : लेबल्ड ऑटिस्टिक' हे पुस्तक १९८६ साली मार्गारेट स्कॅरियानो यांच्या सहलेखनाने प्रसिद्ध झाले. मज्जाविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी ते वाचले तेव्हा प्रारंभी त्यांना पुस्तकाच्या कर्तृत्वाविषयीच शंका आली. स्वमग्न व्यक्तीला, म्हणजे जिला इंग्रजीत ऑटिस्टिक म्हटले जाते तिला, स्वतःच्या मनाचे आकलन नसते आणि इतरांच्याही मनाचे नसते, अशी त्या काळची वैद्यकीय समजूत होती. ज्याला स्वतःकडे पाहता येत नाही तो आत्मचरित्र लिहील कसे? तेव्हा पुस्तकातील सुसंगती आणि आत्मनिरीक्षण सहलेखिकेचे असावे, असा सॅक्स यांचा तर्क झाला. ग्रँडिन यांचे स्वतंत्र लेखन वाचल्यावर तो त्यांनी सोडून दिला. या जुन्या शंकेची त्यांनी पुढे मोकळेपणाने नोंद केली.

सॅक्स यांची शंका एका वाचकापुरती मर्यादित नाही. या वाङ्मयप्रकाराच्या जन्माबरोबरच ती आलेली आहे. स्वमग्न प्रौढाने स्वतःविषयी लिहिलेले पुस्तक हाती येताच वाचकासमोर एक पेच उभा राहतो : लेखक खरोखर स्वमग्न असेल तर हे लेखन त्याचे नसावे, आणि लेखन त्याचेच असेल तर तो खरोखर स्वमग्न नसावा. पेच सुटत नाही म्हणून वाचक दोनपैकी एक सोयीची वाट धरतो. पहिल्या वाटेने गेल्यास पुस्तक हा रुग्णवृत्तांत ठरतो आणि त्याचे मोल पुराव्यापुरते उरते. दुसऱ्या वाटेने गेल्यास ती विजयगाथा होते. एका व्यक्तीने आपल्या उणिवेवर केलेली मात म्हणून तिचे कौतुक होते. दोन्ही वाचनांत संहिता वाचली जात नाही. लेखकाने कोणता घाट निवडला, तो त्याला कुठे अपुरा पडला, कुठे मोडावा लागला, हे प्रश्न त्यांत उपस्थित होत नाहीत.

प्रौढ स्वमग्नांच्या आत्मकथनांचे वाङ्मयीन महत्त्व त्यांतील रोजच्या व्यवहाराच्या तपशिलात आहे, आणि हा तपशील आपल्या समीक्षेच्या एका मूलभूत गृहीतकाला, सहृदयतेच्या कल्पनेला, कसोटीवर आणतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. नोकरीतील मुलाखत, दारावर आलेल्या माणसाशी बोलणे, जोडीदाराच्या मौनाचा अर्थ लावणे, या गोष्टी सामान्य आत्मचरित्रात पार्श्वभूमीला राहतात. येथे त्या कथनाच्या केंद्रस्थानी येतात.

२

प्रथम शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. ऑटिझम ही संज्ञा ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी घडवली. १९११ मधील त्यांच्या विवेचनात ती स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण म्हणून येते. लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोर येथे अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून एका स्वतंत्र अवस्थेचे वर्णन केले आणि तिला हेच विशेषण लावले. मराठीत तिला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने नोंदलेल्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे, त्यामुळे पालकांच्या व शिक्षकांच्या बोलण्यातून हा शब्द कार्यालयीन कागदांतही पोचला.

परंतु हा प्रतिशब्द निर्विकार नाही. 'मग्न' हे पद मराठीत इच्छेने बुडून जाण्याचे सूचन करते. ध्यानमग्न, विचारमग्न, कार्यमग्न ही सारी गौरवाची विशेषणे आहेत. मग्नतेचा विषय 'स्व' असला की मात्र त्याच पदाला दूषणाची छटा येते. आत्ममग्न कवी म्हणजे समाजाकडे पाठ फिरवलेला कवी, हा समीक्षेतील परिचित आक्षेप आहे. वैद्यकीय संज्ञा म्हणून वापरतानाही ही छटा पुसली जात नाही; शब्द उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात 'याला दुसऱ्याचे काही पडलेले नाही' असा निवाडा अर्धा होऊन जातो. प्रौढ स्वमग्नांचे लेखन नेमके या निवाड्याशी झगडते. दुसऱ्या माणसाचा अतिरिक्त, थकवणारा, अखंड विचार हा या पुस्तकांतील स्थायी अनुभव आहे. समोरच्याला काय हवे आहे हे कळावे म्हणून त्यांतील निवेदक जितके श्रम करतात तितके श्रम इतरांना सहसा करावे लागत नाहीत.

दुसरा मुद्दा कर्तृत्वाचा. कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिला मुलगा, डॉनल्ड ट्रिप्लेट, हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या गावचा. त्याच्या वडिलांनी कॅनर यांना ३३ पानी पत्र लिहिले होते आणि कॅनर यांच्या निबंधातील डॉनल्डच्या वर्णनाचा मोठा भाग त्या पत्रावर आधारलेला आहे. म्हणजे या विषयावरील लेखनाच्या उगमाशीच एक बापाचे गद्य आहे. पुढे डॉनल्ड ट्रिप्लेट यांनी गावच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, जगभर प्रवास केला; २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी डॉक्टरांनी लिहिले, पुढे पत्रकारांनी लिहिले. त्यांचे स्वतःचे आत्मकथन मात्र नाही. १९४३ पासून १९८६ पर्यंत स्वमग्न माणूस प्रामुख्याने तृतीयपुरुषी निवेदनाचा विषय होता. ग्रँडिन यांच्या पुस्तकाने केलेला बदल हा आधी व्याकरणिक आहे : 'तो' किंवा 'ती' ऐवजी वाक्याच्या कर्तृस्थानी 'मी' आला.

दलित लेखकांची 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) ही पुस्तके आली तेव्हा मराठी समीक्षेने 'आत्मचरित्र' आणि 'आत्मकथन' असा भेद करायला सुरुवात केली. संपन्न, कृतार्थ आयुष्याचे मागे वळून केलेले अवलोकन म्हणजे आत्मचरित्र. आणि ज्याच्या वाट्याला बोलणेच आले नव्हते त्याने आपल्यासह आपल्यासारख्यांचे जगणे उघड करणे म्हणजे आत्मकथन, असा या भेदाचा आशय होता. जातिव्यवस्थेने लादलेले दुःख आणि मज्जासंस्थेच्या वेगळेपणातून येणारी अडचण यांची बरोबरी करता येणार नाही; तसे करणे दोहोंवरही अन्याय होईल. तथापि, इतरांच्या वर्णनाचा विषय असलेला समूह स्वतःचा निवेदक होतो तेव्हा घाटाचे जे प्रश्न निर्माण होतात ते दोन्हीकडे आहेत, म्हणून 'आत्मकथन' ही संज्ञा येथे उपयुक्त ठरते.

३

घाटाचा पहिला प्रश्न कथानकाचा आहे. आत्मचरित्राला रूढ अर्थाने एक वाटचाल लागते : अज्ञानाकडून ज्ञानाकडे, बंधनाकडून मुक्तीकडे. 'इमर्जन्स' म्हणजे बाहेर येणे. पहिल्या पुस्तकाच्या शीर्षकातच हे कथानक आहे. बंद असलेली मुलगी हळूहळू जगात येते, शिक्षण पुरे करते, व्यवसायात स्थिर होते. वाचकाला हे कथानक ओळखीचे असल्याने सुखावह वाटते. नऊ वर्षांनी आलेल्या 'थिंकिंग इन पिक्चर्स'मध्ये मात्र ते सैल झालेले दिसते. येथे ग्रँडिन कालक्रमाने आयुष्य सांगत नाहीत. विचार करण्याची आपली पद्धत, संवेदना, भावना, नाती, जनावरांचे वर्तन अशा विषयवार प्रकरणांत त्या स्वतःला वाटून देतात. कुठून बाहेर यायचे, ही भाषाच मागे पडते. स्वमग्नता ही आपल्या विचारपद्धतीचा भाग आहे आणि ती वजा केल्यास उरणारी व्यक्ती आपण नसू, ही भूमिका या पुस्तकात स्पष्ट आहे. भूमिका बदलली तसा घाटही बदलला, हे लक्षणीय आहे.

या संदर्भात त्यांच्या लेखनातील दारांचा उल्लेख करावा लागेल. शिक्षणाचा एक टप्पा संपवून दुसऱ्यात जाणे ही अमूर्त कल्पना ग्रँडिन यांच्या मनात ठरत नसे. त्यासाठी त्यांना खरोखरचे दार लागे. शाळेच्या इमारतीत वरच्या खोलीतून छपरावर उघडणारे एक छोटे दार होते. त्यातून त्या प्रत्यक्ष बाहेर जाऊन पाहत, आणि त्या कृतीनंतर पुढच्या टप्प्याचा विचार करणे त्यांना शक्य होई. प्रतीकाविषयीच्या रूढ विवेचनात मूर्त वस्तू अमूर्त आशयाकडे निर्देश करते आणि निर्देश पोचला की वस्तू मागे राहते. येथे वस्तू मागे राहत नाही. दार ओलांडावे लागते, त्याला बिजागरी असते, ते उघडताना हाताला जोर लागतो. प्रतिमा ही विचाराची सजावट असते की विचाराचे द्रव्यच असते, हा आपल्या काव्यसमीक्षेतील जुना वाद आहे. ग्रँडिन यांचे गद्य त्या वादात एका अनपेक्षित बाजूने साक्ष देते.

ऑस्ट्रेलियन लेखिका डॉना विल्यम्स यांच्या 'नोबडी नोव्हेअर' (१९९२) आणि 'समबडी समव्हेअर' (१९९४) या पुस्तकांत घाटाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. विल्यम्स यांचे निदान १९९१ साली, प्रौढ वयात झाले. तोवरचे आयुष्य त्यांनी 'कॅरल' आणि 'विली' अशा दोन व्यक्तिरेखांच्या आधाराने काढले होते. कॅरल हसतमुख, मिळून मिसळून वागणारी. विली कठोर, माहिती गोळा करणारा, रक्षण करणारा. बाहेरच्या जगाला सामोरी जाई ती यांपैकी कोणीतरी, मूळची डॉना नव्हे. आत्मचरित्राच्या मूल्यमापनात मराठी समीक्षेने प्रांजळपणा हा निकष नेहमी अग्रभागी ठेवला आहे. पण जिच्या आयुष्यातील बराचसा लौकिक व्यवहार एका रचलेल्या पात्राने केला, तिने तो प्रांजळपणे सांगायचा म्हणजे काय करायचे? पात्राचे हसू खरे म्हणून सांगितले तर खोटे होते, आणि खोटे म्हणून सांगितले तर त्या हसूनेच तिला नोकरी, घर, ओळखी मिळवून दिल्या हे नाकारावे लागते. दुसऱ्या पुस्तकात त्या ही पात्रे सोडून देण्याचा प्रयत्न करतात. शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेताना, वर्गात उभे राहताना त्यांच्याविना कसे निभवायचे हा तिथला खरा संघर्ष आहे. रूढ कथानकाने पाहिल्यास पहिल्या पुस्तकातील समाजात वावरणारी स्त्री दुसऱ्या पुस्तकात मागे गेल्यासारखी दिसेल. वाटचालीची दिशा येथे उलटी आहे, आणि तिला अधोगती म्हणता येत नाही. विजयगाथेचा घाट या ठिकाणी निरुपयोगी होतो.

तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी २००९ साली या आत्मचरित्रांविषयी एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. ही पुस्तके आधीपासून सिद्ध असलेल्या अनुभवाचे केवळ वर्णन करीत नाहीत. स्वमग्न अनुभवाविषयी बोलण्याची भाषाच ती घडवीत आहेत, असे त्यांचे म्हणणे. हे मान्य केले तर समीक्षेची जबाबदारी वाढते. विजयगाथा हा एकच घाट वाचकप्रिय ठरला, तर पुढे लिहिणारा प्रत्येक जण आपले जगणे त्याच साच्यात ओतू पाहील, आणि न जिंकलेल्या दिवसांना भाषा मिळणार नाही.

४

जॉन एल्डर रॉबिसन यांच्या 'लुक मी इन द आय' (२००७) या पुस्तकात बालपणीचा एक प्रसंग आहे. ओळखीच्या एका स्त्रीचा मुलगा रेल्वेखाली सापडून मरण पावल्याची बातमी मुलाला समजते आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू येते. ऐकवणाऱ्याला धक्का बसतो. मुलगा निर्दय आहे, त्याच्यात काही तरी विपरीत आहे, असा अर्थ लावला जातो. अनेक वर्षांनी निवेदक त्या हसण्याचा शोध घेतो : तो मुलगा आपल्या ओळखीचा नव्हता, आपण किंवा आपले कोणी रुळावर नव्हतो, या सुटकेचे ते हसू होते. भाव होता, तो समजण्यासारखाही होता. चेहऱ्यावर उमटलेले चिन्ह मात्र संकेताला सोडून होते.

भारतीय साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे भाव आणि अनुभाव यांचा नित्यसंबंध तुटलेला आहे. भरताच्या रसविचारात प्रेक्षकाला स्थायीभावाची प्रतीती विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या द्वारे होते. कटाक्ष, अश्रू, रोमांच, स्वरभंग ही बाह्य चिन्हे पाहून आतला भाव ओळखता येतो, या विश्वासावर रंगभूमी उभी आहे. आणि दैनंदिन सामाजिक व्यवहारही बव्हंशी त्याच विश्वासावर चालतो. मुलाखतीत डोळ्याला डोळा न भिडवणारा उमेदवार अप्रामाणिक ठरतो, अंत्यविधीला न रडणारा मुलगा कोरडा ठरतो. रॉबिसन यांच्या पुस्तकाचे शीर्षक म्हणजे मोठ्या माणसांनी त्यांना वारंवार दिलेली आज्ञा आहे. कोणाच्या डोळ्यांत पाहत असताना त्याचे बोलणेही ऐकणे अवघड जाते, म्हणून ऐकण्यासाठी ते नजर हटवीत. आणि नजर हटवली म्हणून ते ऐकत नाहीत असे समजले जाई. लक्ष देण्याची क्रियाच लक्ष नसल्याचा पुरावा बनते.

१९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सॅली नावाची बाहुली गोटी टोपलीत ठेवून जाते, दुसरी बाहुली ती डब्यात हलवते. परतल्यावर सॅली गोटी कुठे शोधील, असा प्रश्न मुलांना विचारला गेला. वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा जणांनी गोटी प्रत्यक्षात आहे ती जागा दाखवली. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळी समजूत असू शकते हे स्वमग्न मुलांना उमगत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि पुढील दोन दशके तो प्रभावी राहिला. या निष्कर्षाचे वाङ्मयीन परिणाम मेलनी यर्जो यांनी 'ऑथरिंग ऑटिझम' (२०१८) मध्ये तपासले आहेत. दुसऱ्याचे मन न कळणारा तो वक्ता होऊ शकत नाही, लेखक होऊ शकत नाही, स्वतःविषयीचा साक्षीदारही होऊ शकत नाही. त्याने केलेला प्रतिवाद हाही त्याच्या लक्षणांत जमा होतो. सॅक्स यांच्या शंकेचे मूळ येथे आहे.

या मांडणीला सर्वांत मूलगामी उत्तर डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली दिले. मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ असून स्वतः स्वमग्न आहेत. दोन भिन्न प्रकृतींची माणसे परस्परांना कळत नाहीत तेव्हा ते न कळणे दुहेरी असते, त्याचा दोष एकाच बाजूच्या मेंदूत शोधणे तर्कदुष्ट आहे, असा त्यांचा युक्तिवाद. प्रयोगांनी या मांडणीची साधी, सरळ पुष्टी केलेली नाही. माणसांच्या साखळीतून गोष्ट पुढे सांगण्याच्या २०२० मधील एका छोट्या प्रयोगात मिश्र साखळ्या कमी पडल्या. २०२५ मधील मोठ्या प्रयोगात तसा फरक आढळला नाही. मात्र केवळ स्वमग्न माणसांच्या साखळ्या दोन्ही वेळा इतरांच्या बरोबरीने उतरल्या. संवादाचा मूलभूत अभाव ही कल्पना त्यामुळे दुबळी झाली आहे.

आता सहृदयतेकडे वळता येईल. अभिनवगुप्ताच्या विवेचनात सहृदय म्हणजे काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि वर्ण्यविषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्याच्या ठिकाणी आहे असा रसिक. त्याच्या आणि कवीच्या हृदयांचा संवाद होतो. या कल्पनेत दोन घटक आहेत आणि समीक्षेने त्यांतील एकावरच भर दिला. एक घटक साम्याचा : हृदये मुळात सारखी आहेत, वासना सर्वांच्या ठायी समान आहेत, म्हणून संवाद होतो. दुसरा घटक परिशीलनाचा : आरसा आपोआप स्वच्छ नसतो, तो अभ्यासाने करावा लागतो. प्रौढ स्वमग्नांची आत्मकथने वाचताना केवळ साम्यावर विसंबणारा वाचक फसतो. रेल्वेच्या बातमीवर हसलेल्या मुलात तो स्वतःचे हृदय शोधतो आणि त्याला क्रौर्य सापडते. परिशीलनावर विसंबणारा वाचक आपले अनुभाव वाचण्याचे वळण बाजूला ठेवून लेखकाने दिलेली नवी वर्णमाला शिकतो. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंदवादी रसिकतेच्या सार्वत्रिकतेला वेगळ्या कारणाने आव्हान दिले होते. तिथे प्रश्न सामाजिक अनुभवाच्या भेदाचा होता, येथे संवेदनेच्या भेदाचा आहे. दोन्ही ठिकाणी सहृदयता ही जन्मसिद्ध योग्यता नसून कष्टाने मिळवायची आहे, असे दिसते.

५

या पुस्तकांतील सर्वांत जिवंत गद्य बहुधा अशा ठिकाणी आढळते जिथे वाचक पाने उलटून पुढे जातो : नियम, याद्या, परिशिष्टे. लिआन हॉलिडे विली यांच्या 'प्रिटेंडिंग टु बी नॉर्मल' (१९९९) या पुस्तकाचा मुख्य भाग आठवणींचा आहे. इतरांची बोलण्याची ढब आणि हावभाव उचलून त्या आयुष्यभर वावरल्या. मुलीच्या निदानाच्या निमित्ताने त्यांना स्वतःचा उलगडा झाला. हा भाग ओघवता आणि शैलीदार आहे. त्यानंतर परिशिष्टे येतात : आपल्याविषयी कोणाला कसे सांगावे, महाविद्यालयात कसे टिकावे, कोणत्या नोकऱ्या मानवतील, घर कसे लावावे, आवाज आणि स्पर्श असह्य झाल्यास काय करावे. येथे शैली गळून पडते आणि गद्य एकदम काटेकोर होते. सामान्य दिवस पार पाडण्यासाठी किती गोष्टी आधी ठरवून ठेवाव्या लागतात, हे त्या नुसत्या मांडणीतूनच कळते.

डेव्हिड फिंच यांचे 'द जर्नल ऑफ बेस्ट प्रॅक्टिसेस' (२०१२) हे पुस्तक तर नियमांच्या नोंदींवरच बेतलेले आहे. विवाहाला पाच वर्षे झाल्यावर पत्नीने त्यांच्यासमोर एक प्रश्नावली ठेवली आणि निदानाचा मार्ग खुला झाला. मग ते पाकिटांवर, चिठोऱ्यांवर, वहीत संसाराचे नियम लिहू लागले. पत्नी रेडिओबरोबर गुणगुणत असताना केंद्र बदलू नये, असा त्यांतील एक नियम आहे. नियम वाचून प्रथम हसू येते. मग लक्षात येते की इतर नवऱ्यांना हे न सांगता कळते असे आपण मानतो, आणि ते मानणे पुष्कळदा निराधार असते. नियम लिहावा लागल्यामुळे प्रेमाचा एक सूक्ष्म व्यवहार प्रथमच दृश्य झाला.

ग्रँडिन यांनी शॉन बॅरन यांच्यासह २००५ साली लिहिलेल्या सामाजिक नियमांवरील पुस्तकात नियमांचे चार वर्ग केले आहेत : खरोखर वाईट कृत्ये, शिष्टाचार, बेकायदा असूनही वाईट नसलेल्या गोष्टी, आणि ज्यांच्या शिक्षेची तीव्रता तर्काने सांगता येत नाही असे व्यवस्थेचे अपराध. हे वर्गीकरण वरवर बाळबोध वाटते, पण एखाद्या समाजाचे अलिखित नीतिशास्त्र बाहेरून पाहणाऱ्याच्या अलिप्ततेने नोंदलेले आहे. मंगळावरील मानववंशशास्त्रज्ञ, हे ग्रँडिन यांनी स्वतःला दिलेले आणि सॅक्स यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात घेतलेले विशेषण अशा जागी सार्थ वाटते.

काम हा या नियमांचा दुसरा प्रांत आहे, आणि तिथे चित्र अधिक आशादायक दिसते, कारण वस्तू संकेताप्रमाणे बोलतात. ग्रँडिन गुरांच्या मार्गिकांतून स्वतः वाकून चालत गेल्या, जनावर कोणत्या सावलीला, कोणत्या लोंबत्या साखळीला बुजते ते त्यांनी पाहिले, आणि त्यावरून आराखडे केले. त्यांनी रचलेली यंत्रणा उत्तर अमेरिकेतील सुमारे निम्म्या गुरांसाठी कत्तलखान्यांत वापरली जाते. मुलाखतीत आपली छाप पडत नाही हे ओळखून त्यांनी माणसांपुढे स्वतःऐवजी आराखडे ठेवण्याचा शिरस्ता पाडला. रॉबिसन यांनी 'किस' या रॉक वाद्यवृंदासाठी धूर आणि आग ओकणाऱ्या गिटारी बनवल्या, नंतर इलेक्ट्रॉनिक खेळण्यांच्या उद्योगात अभियंता म्हणून नाव मिळवले. पण बढती मिळत गेली तसे त्यांचे काम यंत्रांकडून माणसांकडे सरकले. अखेर त्यांनी ते सोडून मोटारी दुरुस्त करण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. कौशल्याचे बक्षीस म्हणून कौशल्य हिरावून घेणारी ही बढतीची रचना रॉबिसन यांच्या कथनात कोणतीही टीका न करता उघडी पडते.

या गद्याविषयी एक आक्षेप संभवतो. याद्या आणि नियम हे उपयुक्त लेखन असेल, पण ते वाच्यार्थापाशी थांबते. साहित्याचे सौंदर्य व्यंग्यार्थात असते. ध्वनिसिद्धांताने व्यंग्यप्रधान काव्याला उत्तम ठरवले आणि अभिधेला खालची पायरी दिली, हा संस्कार आपल्या अभिरुचीत खोल मुरलेला आहे. व्यवहारातही तो आहे. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या मराठी घरात शब्दाचा अर्थ शब्दात नसतो, हे मुलाला न शिकवता आले पाहिजे असे धरले जाते. प्रौढ स्वमग्नांच्या आत्मकथनांत अभिधा ही दारिद्र्याची खूण राहत नाही, ती एक नैतिक निवड होते. म्हणायचे ते म्हणावे, आणि म्हटले तेच समजले जावे, ही त्या गद्यामागची मागणी आहे. व्यंजनेवर चालणाऱ्या जगात ज्याची रोज फसगत होते त्याने केलेली ही मागणी सौंदर्यशास्त्राने निदान ऐकून घेतली पाहिजे.

६

तथापि या वाङ्मयप्रकाराच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवाव्या लागतात. पहिली मर्यादा प्रातिनिधिकतेची. येथे विचारात घेतलेले लेखक इंग्रजीत लिहिणारे, बोलू शकणारे, बहुतेक सुशिक्षित असे आहेत. विली, रॉबिसन आणि फिंच यांनी वापरलेली ॲस्पर्गर ही निदानसंज्ञा अमेरिकन मनोविकार संघाच्या नियमावलीत १९९४ साली आली आणि २०१३ साली स्वमग्नतेच्या एकाच वर्णपटात विलीन झाली. त्या वर्णपटावर ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याची मदत लागते, ज्यांच्याजवळ बोली भाषा नाही, असे असंख्य प्रौढ आहेत. त्यांच्या नावावर प्रसिद्ध होणाऱ्या काही लेखनाबाबत कर्तृत्वाचा प्रश्न खराच गंभीर आहे. मदतनिसाच्या हाताने किंवा त्याने धरलेल्या अक्षरफलकावरून लिहवून घेण्याच्या पद्धतींविरुद्ध अमेरिकेतील वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली स्पष्ट भूमिका घेतली. सॅक्स यांची शंका ग्रँडिन यांच्याबाबतीत चुकीची ठरली म्हणून सर्वत्र निराधार ठरत नाही. प्रत्येक संहितेची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागेल.

दुसरी मर्यादा नात्यांच्या चित्रणाची. ग्रँडिन यांनी वैवाहिक नाते आपल्याला पेलण्यापलीकडचे आहे असे सांगून एकटे राहणे पसंत केले. हा निर्णय त्या कोणतीही करुणा न मागता मांडतात. अठराव्या वर्षी त्यांनी जनावरांच्या दाबयंत्रावरून स्वतःसाठी केलेले यंत्र, ज्याचा दाब स्वतःच्या हाताने कमीजास्त करता येई, हे स्पर्शाच्या गरजेचे आणि भीतीचे मराठी वाचकालाही विसरता न येणारे चित्र आहे. फिंच यांच्या पुस्तकात मात्र पत्नी शिक्षिकेच्या आणि परीक्षकाच्या भूमिकेत अडकते. नियम त्यांच्या वहीत जमतात, पण ते नियम ज्यांच्या थकव्यातून निघाले त्या व्यक्तीचा आवाज विनोदाच्या ओघात क्षीण होतो. न कळणे दुहेरी असेल, तर कथनही दुहेरी व्हायला हवे. या प्रकारातील फार थोड्या पुस्तकांना ते साधले आहे.

जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली पालकांना उद्देशून लिहिलेल्या 'डोंट मोर्न फॉर अस' या निबंधात शोक थांबवण्याचे आवाहन केले होते : अपेक्षित मूल मिळाले नाही याचे दुःख जिवंत असलेल्या मुलावर लादू नका. समीक्षेसाठीही त्यात एक सूचना आहे. अपेक्षित आत्मचरित्र मिळाले नाही, त्यात अंतर्मनाचे अपेक्षित उमाळे नाहीत, नातेसंबंधांचे तरल पदर नाहीत, म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. समोर असलेल्या संहितेत दारे आहेत, याद्या आहेत, चुकीच्या जागी आलेली हसू आहेत, रेडिओविषयीचा नियम आहे. त्यांचे वाचन करण्याची पात्रता समीक्षेने अभ्यासाने मिळवायची आहे. ती मिळेपर्यंत 'स्वमग्न' या शब्दातील दूषण लेखकाकडे बोट दाखवते की वाचकाकडे, हा प्रश्न मराठी समीक्षेपुढे खुलाच राहील.